आधी तालिका, मग स्कॅनर

पुणे शहर आणि जिल्ह्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या चार महिन्यांत आपल्यापैकी तीन मंडळांनी मला सभेला बोलावलं, त्याबद्दल आधी आभार. निवृत्त ग्रंथपालाची कुणी आठवण ठेवतं याचं मला मोल आहे. विषय तिन्ही ठिकाणी एकच होता, डिजिटायझेशन, म्हणजे पुस्तकांची पानं स्कॅन करून संगणकावर ठेवणं. चहा झाला, दरपत्रकं हातोहात फिरली आणि पहिला प्रश्नही तिन्ही ठिकाणी एकच आला: पानामागे दर किती पडेल? मला बोलायला दहा-दहा मिनिटं मिळाली. तेवढ्यात हे सांगून होत नाही, म्हणून हे पत्र. तीनच मंडळांना न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे, कारण आज ना उद्या हा विषय प्रत्येकाच्या विषयपत्रिकेवर येणार आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ज्या ग्रंथालयाची तालिका धड नाही, त्यानं स्कॅनिंगवर एक रुपयाही खर्च करू नये. आपल्याकडे काय आहे, ते कुणी लिहिलेलं आहे, कधी छापलेलं आहे, कोणत्या कपाटात आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, याची पुस्तक हातात घेऊन तपासलेली नोंद म्हणजे तालिका. ती आधी देवनागरीत नीट करा, ऑनलाइन सगळ्यांना बघायला खुली करा आणि मग स्कॅनर अवश्य आणा.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी ज्या ग्रंथालयात होते तिथे एका देणगीतून जीर्ण पुस्तकांचं स्कॅनिंग झालं. ग्रंथालयाचं नाव घेत नाही, कारण तिथली माणसं आजही मला जवळची आहेत आणि त्यांनी जे केलं ते चांगल्या हेतूनंच केलं. मागच्या हॉलमध्ये टेबल लावून दोन मुलं सकाळी दहा ते संध्याकाळी सहा काम करायची. कष्टाळू मुलं होती. अडीच महिन्यांत त्यांनी अकराशे चाळीस पुस्तकं उरकली. प्रत्येक पुस्तकाला त्यांनी आपल्या सोयीनं एक क्रमांक दिला आणि तोच फायलीचं नाव झाला. आमच्या दाखल क्रमांकाशी, म्हणजे पुस्तक ग्रंथालयात आलं की रजिस्टरात पडतो त्या क्रमांकाशी, त्याचा काही संबंध नव्हता. तो संबंध लावून द्यायचं काम माझं होतं, आणि मार्चअखेरच्या हिशेबांमुळे मी ते पुढे ढकललं. त्या पावसाळ्यात हॉलची भिंत ओल धरू लागली. मंडळानं ठरवलं की आता स्कॅन झालंच आहे, मूळ पुस्तकं बाद करू. निर्लेखनाच्या, म्हणजे बाद पुस्तकांच्या, यादीवर माझी सही आहे. रद्दीचा टेम्पो दुपारी तीनला आला. तालिकेची जुनी कार्डं ज्या लाकडी कपाटात होती, ते कपाटही त्याच आठवड्यात जागेसाठी हलवलं आणि कार्डं पोत्यात गेली.

वर्षभरानं भोरकडच्या एक बाई आल्या. शिवणाचे वर्ग चालवणाऱ्या. त्यांना जुने बेत, म्हणजे कापड बेतण्याचे नमुने, हवे होते, बाराबंदी, अंगरखा, घेराचा परकर. आमच्याकडे तसं पुस्तक होतं हे मला पक्कं आठवत होतं, मी स्वतः ते कितीदा तरी फडताळात सारखं करून ठेवलेलं. हार्ड डिस्कवर अकराशे चाळीस फायली, नावं सगळी आकड्यांची. पहिले दोन दिवस तर नुसत्या फायली उघडून बंद करण्यात गेले. तिसऱ्या दिवशी ते सापडलं. मुखपृष्ठ नव्हतं, पहिलं पान नव्हतं. मजकूर सगळा होता. पण बेतांचे तक्ते घडी घालून शिवलेले होते, आणि त्या मुलानं घडी न उलगडता फोटो काढला होता. पडद्यावर दिसत होता पिवळट कागदाचा दुमडलेला चौकोन, कडेला एक तुटक रेघ आणि ‘अंगरखा, पाठ’ एवढी दोन शब्दांची ओळ. असे सहा चौकोन. बाई बराच वेळ त्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, “ताई, हे कुठून तरी उलगडता येईल का?”

मला त्यापेक्षा जास्त लागलं ते पुढे. त्या पुस्तकाचं कार्ड मला आठवलं. कार्ड म्हणजे साधारण साडेसात सेंटिमीटर बाय साडेबारा सेंटिमीटरचा जाड कागद, खाली भोक, त्यातून खणाची सळई गेलेली. आमचे तेव्हाचे ग्रंथपाल, ज्यांना आम्ही सगळे नुसतं ‘सर’ म्हणायचो, ते निळ्या शाईनं कार्ड लिहायचे, आणि त्या कार्डाच्या तळाशी त्यांनी लिहिलं होतं: ‘घडीचे तक्ते ६, जपून उलगडणे.’ तो मुलगा दोषी नव्हता. त्याच्या हातात पुस्तक दिलं तेव्हा ते कार्ड कुणी दिलं नाही.

आपण दरपत्रकात पानामागचा दर बघता, तेव्हा मला ही एक ओळ दिसते.

मी १९९२ साली या कामाला लागले. विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचे पाच सिद्धांत तोंडपाठ. १९३१ साली त्यांनी ते पुस्तकरूपानं मांडले. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपालदिन म्हणून साजरा करतो, त्या दिवशी हार घातला जातो, आपल्यापैकी पुष्कळांनी घातला असेल. पण त्यांचा चौथा सिद्धांत, वाचकाचा वेळ वाचवा, हा मला पुस्तकातून कळला नाही, देवघेवीच्या खिडकीत कळला. पेठेतलं ग्रंथालय, संध्याकाळी पाच ते आठ नुसती झुंबड. एक आजोबा यायचे, नाव कधीच आठवायचं नाही त्यांना, म्हणायचे, “ते हो, कोकणातल्या मास्तरांचं, मागच्या पावसाळ्यात नेलं होतं.” सर त्यांचं खातं उघडायचे, मागच्या जून-जुलैच्या नोंदींवरून बोट फिरवायचे आणि अर्ध्या मिनिटात पुस्तक समोर. मला वाटायचं, काय स्मरणशक्ती! सरांनी एकदा सांगितलं, स्मरणशक्ती नाही, नोंद आहे, मी फक्त नोंद कुठे बघायची ते लक्षात ठेवतो.

मग संगणक आले. आमच्याकडे नव्वदच्या दशकाच्या शेवटी. पुण्याला याचं कौतुक जास्त, कारण सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची स्थापना १९८८ मध्ये इथेच झाली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम इथे झालं. आम्ही उत्साहानं सात-आठ हजार पुस्तकांच्या नोंदी मराठीत टंकित केल्या. ज्या फाँटमध्ये केल्या तो फाँट ज्या संगणकावर होता तो संगणक चार वर्षांनी बिघडला. दुसऱ्या संगणकावर तीच यादी उघडली तर मराठीच्या जागी रोमन अक्षरं, कंस, टक्केवारीच्या खुणा, असा सगळा कचरा. संगणकाच्या लेखी ती मराठी कधी नव्हतीच, रोमन अक्षरांना मराठी चेहरा चढवला होता इतकंच. सगळं पुन्हा टंकलं.

युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच संगणकीय संकेतपद्धती, आल्यावर हा त्रास संपला असं आपण मानतो. संपलेला नाही. ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातला तो अर्धचंद्रासारखा र दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकता येतो. डोळ्याला दोन्ही अगदी सारखे दिसतात, संगणकाला दोन वेगळे शब्द. आमच्या तालिकेत ‘वऱ्हाड’ शोधलं की एका पद्धतीनं टंकलेली पुस्तकं यायची, दुसऱ्या पद्धतीची यायचीच नाहीत, आणि वाचकाला वाटायचं एवढीच आहेत. ‘ॲ’चीही तीच गत. हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या नोंदींत अ आणि त्यावर चंद्र असं जोडून लिहिलेलं आहे. ‘ॲटलस’ शोधा, निम्मे नकाशे गायब. शिवाय आपलं शुद्धलेखन १९६२ च्या नियमांनी बदललं. जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘कांहीं’ छापलेलं असतं, वाचक शोधतो ‘काही’. यातलं काहीच स्कॅनरला कळत नाही आणि बाहेरून येणाऱ्या ठेकेदारालाही कळत नाही. जिला हे कळतं ती आपल्याकडे संध्याकाळी खिडकीत बसलेली असते, आणि तिला किती पगार मिळतो हे आपल्याला मी सांगायला नको.

नावांचं तर विचारू नका. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर एकच. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच. वाचणाऱ्या माणसाला हे ठाऊक असतं, यादीला कुणीतरी सांगावं लागतं, नाहीतर कवितांच्या वाचकाला त्याच लेखकाची नाटकं सापडणार नाहीत.

एक प्रसंग सांगते, तोही एका अशाच घाईच्या यादीचा. एका ग्रंथालयाच्या ऑनलाइन यादीत एका धार्मिक पोथीपुढे छपाईचं वर्ष १८१० असं पडलेलं होतं. आता मराठीत छपाईची सुरुवात म्हणून आपण विल्यम केरी या मिशनऱ्यानं बंगालमधल्या सेरामपूरला छापलेल्या मराठी व्याकरणाचा उल्लेख करतो, ते १८०५ चं. म्हणजे १८१० चं पुस्तक पुण्यात असणं ही मोठी बातमी. नागपूरहून एक अभ्यासक रात्रभर गाडीत बसून आले. मी त्या दिवशी तिथे दुसऱ्या कामाला गेले होते, म्हणून मला पाहायला मिळालं. पोथी काढली, शेवटचं पान उघडलं. ‘शके १८१०’. म्हणजे इसवी सनाचं १८८८. टंकणाऱ्यानं आकडा बघितला, शब्द बघितला नाही. त्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला, पोथीला नमस्कार केला आणि म्हणाले, “असू दे, दर्शन झालं.” त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. शक आणि सन यांत अठ्ठ्याहत्तर वर्षांचं अंतर आहे हे चौथीच्या मुलाला सांगितलं तर समजतं. सांगणारं माणूस तेवढं शेजारी हवं.

आता प्रवासाबद्दल. सभेत एका सभासदांनी मला विचारलं की ग्रंथपालाला बाहेरगावच्या ग्रंथालयांना भेटी देण्यासाठी रजा आणि खर्च कशाला लागतो, सगळं तर ऑनलाइन दिसतं. प्रश्न मनापासून विचारलेला होता, म्हणून मनापासून उत्तर देते.

आपल्या पुण्यातला हस्तलिखितांचा खजिना पायांनी गोळा झालेला आहे. ब्यूलर हा जर्मन संस्कृत पंडित १८७५ साली काश्मीरला गेला आणि तिथून ऋग्वेदाचं भूर्जपत्रावरचं हस्तलिखित आणलं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी स्वतः हिंडून हस्तलिखितं शोधली. हा सरकारी संग्रह आधी डेक्कन कॉलेजात होता, १९१८ मध्ये भांडारकर संस्थेत आला, आणि तिथल्या ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांची २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत नोंद झाली. या मंडळींनी हस्तलिखितं आणून नुसती कपाटात ठेवली नाहीत. काय मिळालं, कुठे मिळालं, किती पानं, कोणती लिपी, याचे अहवाल छापले. ते अहवाल नसते तर त्या खोलीत काय आहे हे खोलीबाहेर कुणाला कळलं असतं?

आणि शंकर गणेश दाते! १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची सूची या माणसानं जवळजवळ एकहाती केली, पुढे १९३८ ते १९५० चा भागही केला. ना संगणक, ना कचेरी. आज कुठलाही संशोधक एखादं जुनं मराठी पुस्तक खरंच निघालं होतं का हे बघायला दात्यांचे खंड उघडतो. माझ्या टेबलावर ते कायम असायचे. त्यांचे कोपरे गोल झाले होते.

मी माझ्या ऐपतीप्रमाणे हिंडले. रत्नागिरीचं नगर वाचनालय बघितलं, १८२८ पासूनचं, आपल्या पुणे नगर वाचन मंदिराहूनही वीस वर्षांनी वडील. ‘पुस्तकांचं गाव’ भिलारला गेले, तिथल्या घरांच्या ओसरीवर बसून दोन दिवस वाचलं, स्ट्रॉबेरी खाल्ली, आणि पुस्तकं घराघरात वाटून ठेवल्यावर कोणतं पुस्तक कोणत्या घरात आहे हे पाहुण्याला कसं सांगतात ते विचारून घेतलं. वाईला विश्वकोशाचं काम चालतं ती जागा बघितली. पण सगळ्यात जास्त मला दिलं ते तंजावरनं.

२०११ च्या डिसेंबरात गेले. पुण्याहून चेन्नई, तिथून रात्रीची गाडी. परवानगीचं पत्र दोन महिने आधी पाठवलं होतं. सकाळी आधी बृहदीश्वराच्या देवळात गेले. तिथल्या प्रांगणाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला. वाचलेलं होतं, फोटोही पाहिले होते. पण ओळींवर ओळी, माणसाच्या उंचीपेक्षा वरपर्यंत मराठी, आणि भोवती सगळं जग तमिळ बोलतंय, हे प्रत्यक्ष उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मी बोटानं ओळ धरून पुटपुटत वाचत होते. एक तमिळ कुटुंब थांबलं. त्यांच्या लहान मुलीनं खुणेनं विचारलं, हे तुला वाचता येतं? मी मोठ्यानं वाचायला लागले. तिला त्यातलं अक्षर कळलं नसेल. ती ओळ संपेपर्यंत उभी राहिली.

दुपारी सरस्वती महालात. राजवाड्याच्या आवारातच ते ग्रंथालय आहे. ताडपत्रं, संस्कृत पोथ्या, मराठी बाडं, मोडी कागदांचे रुमाल, आणि सरफोजीराजांनी जमवलेली युरोपीय पुस्तकं, त्यांतल्या कितीतरी पुस्तकांवर राजाची स्वतःची इंग्रजी सही. तिथल्या संस्कृत हस्तलिखितांची वर्गवार सूची बर्नेल नावाच्या इंग्रज न्यायाधीशानं १८८० च्या सुमारास छापून काढली. ती लंडनलाही गेली, जर्मनीलाही गेली, आणि राजवाड्यातल्या पोथ्या जगाला माहीत झाल्या. मला एक मराठी बाड बघायचं होतं. टेबलापलीकडच्या ग्रंथपालांना मराठी येत नव्हतं, मला तमिळ येत नाही, दोघांचं इंग्रजी जेमतेम. मी छापील मराठी सूचीतला क्रमांक चिठ्ठीवर लिहून दिला. त्यांनी चिठ्ठी बघितली, मान हलवली, आणि पंधरा मिनिटांत लाल फडक्यात बांधलेलं बाड माझ्यासमोर होतं. दोनशे वर्षांपूर्वीची मराठी, पुण्यापासून हजार किलोमीटरवर, मराठी न येणाऱ्या माणसानं जपलेली आणि काढून दिलेली. माझे डोळे भरून आले, ते लपवायला मी फडकं सोडण्यात वेळ काढला.

म्हणून म्हणते, आपल्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा तरी दुसरं ग्रंथालय बघायला पाठवा. लांब नको, ठाण्याला पाठवा, साताऱ्याला पाठवा. दुसऱ्याचं कपाट बघितलं की आपल्या कपाटातलं काय दुर्मिळ आहे ते कळतं.

ऑनलाइन तंत्राला माझा विरोध आहे असा कुणाचा समज झाला असेल तर तो मात्र मनातून काढून टाका. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा आमच्या वाचकांचे फोन यायचे. बिछान्याला खिळलेल्या एक आजी होत्या, त्यांच्या नातवाला मी मराठी विश्वकोश फोनवर कसा उघडायचा ते शिकवलं, तो त्यांना रोज एक नोंद वाचून दाखवायचा. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयानं जुनी पुस्तकं ऑनलाइन ठेवली आहेत, त्यांच्यामुळे माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांचा पुण्याला येण्याचा खर्च वाचला. हे फार मोठं काम आहे आणि ते झालंच पाहिजे. ज्यांनी ते नीट केलं त्यांनी आधी आपली नोंद नीट केली होती, एवढंच मला दाखवायचं आहे.

यासाठी महागडी प्रणाली घ्यायची गरज नाही. ‘कोहा’ ही ग्रंथालयाची प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका लहान ग्रंथालय संस्थेनं करून घेतली, जानेवारी २००० पासून ती वापरात आहे, आणि त्यांनी ती सगळ्या जगाला फुकट खुली केली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. केंद्र सरकारच्या एनआयसी या माहिती-तंत्रज्ञान संस्थेची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणालीही आहे, ती सरकारी ग्रंथालयांना विनामूल्य मिळते. पैसा लागेल तो माणसाला. पुस्तक हातात घेऊन, पहिलं आणि शेवटचं पान बघून, शक-सन तपासून, घडीचे नकाशे मोजून एक जाणकार व्यक्ती माझ्या अनुभवानं दिवसाला चाळीस-पंचेचाळीस नोंदी नीट करते. वीस हजार पुस्तकं असतील तर दोघांना साधारण वर्ष. दोन माणसांचा वर्षाचा पगार आणि समोरच्या दरपत्रकातला आकडा शेजारी शेजारी मांडून बघा, एवढी विनंती.

आणि यादीची एक प्रत कागदावर ठेवा. एक प्रत दुसऱ्या गावच्या मित्रग्रंथालयात ठेवा. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. पुस्तकं होती तिथेच होती, एकालाही धक्का लागला नव्हता. पण ऑनलाइन तालिका बंद पडली आणि ती मर्यादित स्वरूपात परत यायला जानेवारी उजाडला. तोवर एवढ्या मोठ्या ग्रंथालयाला आपल्याच फडताळातलं पुस्तक वाचकाला काढून देणं अवघड होऊन बसलं. तिथे ही गत, तर आपल्या एका हार्ड डिस्कवर काय भरवसा ठेवायचा? ज्या शहरानं १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर बघितला, त्या शहराला एकाच जागी सगळं ठेवू नये हे मी काय सांगावं.

अलीकडे एक नवीन गोष्ट सुरू झाली आहे. निवृत्त झाले तरी शनिवारी मी एका ग्रंथालयात बसते. मध्यंतरी एक मुलगी सहा मराठी पुस्तकांची यादी घेऊन आली. फोनवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारून केलेली. लेखक खरे, प्रकाशनसंस्था खऱ्या, वर्षं दिलेली. चार पुस्तकं सापडली. दोन कुठेच नव्हती, तालिकेत नाही, दात्यांच्या सूचीत नाही, विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात नाही. ती तीन दिवस त्यांच्यासाठी अप्पा बळवंत चौकात दुकानादुकानांतून फिरली होती. तिला मी सांगितलं, बाळ, ही पुस्तकं निघालेलीच नाहीत, या यंत्रानं शोभेशी नावं जुळवून दिली आहेत. तिचा विश्वास बसेना. मग मी दात्यांचा खंड तिच्यासमोर उघडला, त्या लेखकाच्या नोंदी एकेक करून दाखवल्या, आणि पुढच्या वर्षांसाठी आमची तालिका दाखवली. तेव्हा तिनं वही मिटली आणि म्हणाली, “म्हणजे नाही असं तुम्हीच सांगू शकता.” पुस्तक आहे असं कुणीही सांगेल. नाही असं छातीठोकपणे सांगायला कुणीतरी आयुष्य घालून यादी केलेली असावी लागते. येत्या काळात आपल्या ग्रंथालयांकडे लोक याच कामासाठी येणार आहेत, असं मला मनापासून वाटतं.

स्कॅनिंगला सुरुवात कराल तेव्हा कायद्याचंही बघा. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजून. म्हणजे १९६० मध्ये वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२१ पासून सर्वांना खुलं झालं. पण यासाठी लेखक कधी वारला हे ठाऊक हवं, आणि ते पुन्हा तालिकेत नोंदवलेलं हवं. तपासल्याशिवाय ऑनलाइन टाकू नका. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ पुस्तक बाद करण्याचा ठराव कृपा करून कधीच मांडू नका. मी एकदा अशा ठरावाखाली सही केली आहे. भोरच्या बाईंना मी अजून ते सहा तक्ते देऊ शकलेले नाही. जिथे जाते तिथे विचारते.

ज्या मंडळांना हे पटेल त्यांच्यासाठी मी वेळ द्यायला तयार आहे, मानधन नको. मंगळवार आणि गुरुवार, दुपारी दोन ते सहा. आपल्या दोन कर्मचाऱ्यांना माझ्याकडे पाठवा किंवा मी येते. युनिकोडमधला वऱ्हाड कसा टंकायचा, शक-सन कसा पडताळायचा, लेखकाची टोपणनावं एकमेकांना कशी जोडायची, हे महिन्याभरात शिकवून होतं. येताना आपल्या दाखल रजिस्टरचा पहिला खंड सोबत आणा, तो फाटलेला असला तरी चालेल. कार्डांची पोती माळ्यावर असतील तर ती आधी खाली उतरवून कोरड्या जागी ठेवा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल, पुणे